दादाच्या घराची जागा

३ फेब्रुवारी
दादा आज नव्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला गेला. 'एकच मजला बांधतो, तुमची नदी कुठे पळून जाते?' — हे त्याचेच शब्द, आईचा हात हातात घेऊन! आता आमच्या खिडकीतून नदीऐवजी त्याची भिंत दिसते.  आई त्याला कधीच बोलत नाही, म्हणून तर त्याचं फावतं.

९ मार्च
वाचनालयात गावाच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. ग्रंथपालबाईंनी मला नदीकाठ काढायला सांगितला, आमच्या खिडकीतून दिसतो तो. दिसायचा तो! उद्घाटनाला दादा पहिल्या रांगेत असणार. असू दे. सगळ्यांसमोर डोळ्यांत तेल घालून स्वतःचं घर शोधू दे. मी ते काढणारच नाहीये.

१६ मार्च
रंगीत पेन्सिलीला घाई चालत नाही. हलक्या हाताने पिवळा, त्यावर निळा, वर थोडा तपकिरी — तेव्हा कुठे काठावरची झाडी खरी वाटते. सावलीला काळा नाही, जांभळा. दादाच्या घराच्या जागी पाणी भरलं, थरावर थर. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं!

१७ मार्च
मनगट दुखतंय. दुखू दे.

२० मार्च
शेवटी पांढरी पेन्सिल दाबून सगळ्या पाण्यावर घासली. कागदाचा खरखरीतपणा बुजला, मेणाची तुकतुकी आली. आता त्यावर दुसरा रंग धरत नाही. म्हणजे उद्या मला त्याची दया आली तरी उपयोग नाही. छान!

२१ मार्च
आईला चित्र दाखवलं. वाटलं, नदी बघून हरखेल. तिचं बोट बराच वेळ पाण्यावर फिरत राहिलं.
"त्याची खिडकी कुठंय गं?"
नाही काढली, म्हटलं.
"तिथे दिवा लागला की कळतं, आला घरी. मग मी अंग टाकते."
आणि मी समजत होते, बिचारी रोज भिंतीकडे बघत बसते! नदीचं विचारलं, तर म्हणाली, नदी काय, असतेच. असा संताप आला — त्याचा, तिचा, माझासुद्धा.

२२ मार्च
पातं घेतलं. मेण खरवडलं, खालचा कागद उघडा पडला, त्यावर पिवळा धरला. एकच खिडकी, आईपुरती. पाण्यावर अधांतरी.
भिंत नाही काढली!