दहाव्यालाच घरी आलो

२० एप्रिल
वही, माफ कर. दहा दिवस लिहिलं नाही. चुलतभाऊ नामदेव कोरोनाने गेला. जीपमधून बीडला मीच नेलं, डोकं माझ्या मांडीवर. म्हणून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने चौदा दिवस शेतातल्या आखाड्यावर, खोपटात, एकटं राहायला सांगितलं. सौ. भाकरी बांधावर ठेवून जायची. आज दहावं. डोकं भादरलं, अंघोळ केली, सुतक फिटलं. आता कसली शिवाशिव, असं धरून दुपारी घरी आलो.
सौ. म्हणाली, "चौदा म्हणली व्हती ना ती?"
"दहाव्याला माणूस चोख व्हतंय."
हसली. "टक्कल लई गोरं दिसतंय."
दार लोटलं. या वयात... असो.

२२ एप्रिल
घसा खवखवतो. हिंगाचा वास येत नाही. डबी तीनदा नाकाशी नेली. सौ.ला काही न सांगता परत आखाड्यावर आलो.

२४ एप्रिल
भाकरी आली नाही. फोन केला. सौ.ला ताप. आशाताई येऊन साधी गोळी देऊन गेली. तपासणी नाही, कारण सौ.ने सांगितलं, कुठं गेले नाही, कुणी जवळ आलं नाही. माझी लाज राखली. आशाताई भावकीतली सून. तिच्यापुढे हे कोणत्या तोंडाने काढू? उद्या उतरेल ताप.

२५ एप्रिल
उतरला नाही. फोनवर नुसती धाप ऐकू येते. आशाताईला बांधावर बोलावलं. तिच्याकडे पाठ करून बोललो.
"दहाव्याला मी घरी गेलतो. नवराबायको असत्यात तसं... जवळ व्हतो."
 मग म्हणाली, "मामा, कालच कावून न्हाई सांगितलं?" रागावली असती तर बरं वाटलं असतं.
दोघांच्या नाकात काडी घातली. दोघे पॉझिटिव्ह. सौ.ला गाडीतून बीडला नेलं. मला गावच्या शाळेत विलगीकरणात ठेवलं. गाडीत चढताना तिने पदर तोंडाला धरला होता. माझ्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही.

२७ एप्रिल
सौ.चा फोन बंद. मुलगा सुभाष दवाखान्याच्या गेटाबाहेर बसून आहे. काल म्हणाला, ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "दादा, आय तर घरातच व्हती, मग तिला कुठून आलं?" मी म्हणालो, आवाज येईना. फोन ठेवला.
आज त्याचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. एक दिवस आधी बोललो असतो तर... डॉक्टरला विचारायची हिंमत नाही.
सुभाष, काय असेल ते कळव. शिव्या द्यायच्या तर दे, पण आधी तिचं सांग. लवकर सांग बाबा