भिंतीपलीकडचा तस्कर

४ मार्च, सोमवार
संपादकांशी ऑनलाइन बोलणं. विषय: माझं ‘पदच्छेद’ हे सदर चालू ठेवायचं की बंद करायचं. अठरा वर्षं लिहितोय, एका आठवड्याचा खंड नाही. मी तोंड उघडलं आणि नेट गेलं. पडद्यावर माझं तोंड म्हणे अर्धा मिनिट तसंच उघडं होतं. संपादक (वय बत्तीस) म्हणाले, सर, शुक्रवारी साडेअकराला शेवटचं बोलू, तेवढं नेटचं बघा.

संकल्प: शुक्रवारच्या आत नेटचा कायमचा निकाल लावणे. मेहुण्याला विचारणार नाही. तो याच धंद्यात आहे, म्हणूनच. त्याचे उपकार एकदा घेतले की ते पुढे प्रत्येक जेवणात वाढले जातात.

५ मार्च
निदान झालं. नेट चोरीला जातंय. चोर: शेजारचा दातांचा डॉक्टर. मध्ये एकच भिंत. पुरावा: त्याच्याकडे सिनेमा लागला की माझं नेट रांगायला लागतं. बायकोचा फोन मात्र स्वयंपाकघरात सुरळीत चालतो. फोनचा आहार कमी, हे उघड आहे.

दुपारी कंपनीला फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, काका, आमच्याकडून सगळं ओके आहे. काका! वर विचारतात, कॉम्प्युटरवर नेटवर्कचं नाव कुठलं दिसतंय? म्हटलं, बाई, मी बालवाडीत नाही. फोन ठेवला.

६ मार्च, सकाळ
वायफायच्या यंत्राचा पासवर्ड बदलला. सत्तावीस अक्षरांचा सामासिक शब्द. दंतवैद्याच्या सात पिढ्यांना फुटणार नाही. बायकोचा फोन तत्काळ बंद. तिने तीनदा टाइप केला, मग म्हणाली, आज जेवायलाही तुमचा समासच घ्या.
माझा कॉम्प्युटर मात्र नवा पासवर्ड न मागताच चालू राहिला. मालकाला ओळखतो.

संध्याकाळी
भिंतीपलीकडे सिनेमा चालूच. म्हणजे कुलूप फोडलं. निर्लज्ज! कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीला टेकवून स्टीलची मोठी परात उभी केली. आता लहरी पलीकडे जाणार नाहीत.

७ मार्च
नेट जवळजवळ मेलं. तो पलीकडून आणखी जोर लावून ओढतोय. मेहुण्याचा दोनदा फोन. उचलला नाही.

बायको म्हणाली, परात द्या, कणीक मळायची आहे. म्हटलं, इथे माझं सदर मरतंय. ती म्हणाली, मरू दे, पोळ्या तरी होतील. परात गेली. नेट थोडं सुधारलं. योगायोग.

सायंकाळी जिन्यात सूचना लावली: ‘या इमारतीत दुसऱ्याच्या वायफायवर पोसणारा एक तस्कर राहतो. त्याने आजच सुधारावे.’
डॉक्टरांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, बरं केलंत, आमचंही हल्ली फार रखडतं, मीही आजच पासवर्ड बदलतो. काय हा कांगावा! पण घाबरलाय.

८ मार्च, शुक्रवार, ९.४०
नेट नाही. मुळीच नाही. आजपर्यंत निदान रांगत तरी होतं. ‘कल्पतरू’ या माझ्या नेटवर्कला अचानक पासवर्ड हवाय. समास टाइप केला. चूक म्हणतं. पुन्हा केला. पुन्हा चूक. माझा समास चुकीचा!

१०.३५
बायकोने मला न विचारता भावाला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. मेहुण्याने विचारलं, भावोजी, ‘कल्पतरू’ हे नाव तुम्ही ठेवलंत का? म्हटलं, या इमारतीत दुसऱ्या कोणाला सुचणार? तो म्हणाला, यंत्र उलटं करून खालचं लेबल वाचा, तुमच्या नेटवर्कचं नाव तिथे असतं. वाचलं. नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मेहुणा खोकायला लागला. हसू दाबणारा माणूस असाच खोकतो.

मग बायकोला आठवलं. दोन वर्षांपूर्वी आपलं यंत्र जळालं, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांचं नेट जोडून दिलं होतं. नवीन येईपर्यंत. आठवडाभर.

१०.५५
सूचना काढायला जिन्यात. डॉक्टर दारात उभे. चोर सापडला का, म्हणाले. म्हटलं, सापडला, पण नाव घेण्यात अर्थ नाही, चांगल्या घरातला आहे. ते म्हणाले, हो ना, त्याच्यापायी आमच्या मुलीची परीक्षा एकदा मध्येच बंद पडली. आणि जाता जाता, ‘कल्पतरू’ सुटसुटीत आहे ना? शाळेत संस्कृत होतं मला.

१२.०५
स्वतःच्या नेटवर बोललो. इतकं स्वच्छ की संपादकांच्या कपातला चहा किती उरलाय तेही दिसत होतं. त्यांचं पूर्ण वाक्य मला प्रथमच सलग ऐकू आलं: सर, ‘पदच्छेद’ या महिन्यापासून थांबवतोय.
वेळ काढण्यासाठी तोंड उघडं ठेवून, पापणीही न हलवता तसाच बसलो. अर्धा मिनिट.
संपादक हळूच म्हणाले, सर, तुमच्या मागे पंखा फिरतोय.