पाटीचा रंग

आई, तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

पहिलं वर्षभर आम्हा नव्या वकिलांनी सीनियरशिवाय कोर्टात बोलायचं नाही, असा नियम आहे. काल सीनियरबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि इकडे आमचा पुकारा झाला. म्हातारी अशील माझी बाही ओढायला लागली. मी उठले आणि पुढची तारीख मागितली. मिळाली गं, पण न्यायाधीशांनी माझं नाव लिहून घेतलं. माझी वकिलीची सनद जाईल का?

सीनियरबाई नुसतं "बघू" म्हणाल्या. समोरचा चहाही प्यायल्या नाहीत.

बाबांनी माझ्या नावाची पाटी रंगवलीय ना, ती एवढ्यात दारावर लावू नका. शेजारच्या काकूंनी विचारलंच, तर रंग वाळायचाय म्हण.

तुझी,
बडबडी