गाणारा कुठं उभाय

३ मार्च

धम्म्यानं लातूरला स्पीकर बसवून आणले. लातूरला! माझं गाड्यांच्या स्पीकरचं दुकान इथं वजिराबादेत, त्याचं रेल्वेचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. आणि हा पठ्ठ्या अहमदपूर, चाकूर करत दीडशे किलोमीटर गेला. कुणा सत्यमकडं! मला आज सकाळी कळलं, ते बी दुकानासमोरच्या धोंडप्पाच्या चहाच्या टपरीवर. धोंडप्पा म्हणला, तुमच्या दोस्ताची गाडी काय वाजून राहिली! मी म्हणलं, हाव, माहीत आहे. काही माहीत नव्हतं.

धम्म्याची ती जिप्सी आम्ही दोघांनी मिळून हेरली होती, २००६ला. कापडी टपाची. टप काढला की सगळी उघडी. उघड्या गाडीत स्पीकर टिकत न्हाईत — ऊन, धूळ, एखादी सर. कडेचा फोम हाताला लागला की भुगा होतो, मग गाणं नुसतं फडफडतं. एकोणीस वर्षांत चार जोड्या बदलल्या. चारी मी.

५ मार्च

कामात चित्त न्हाई. एका मास्तरांच्या गाडीत डेक उलटा बसवला. मास्तर हसले, मी न्हाई.

६ मार्च

सत्यमच्या दुकानाचे फोटो मोबाईलवर बघितले. काचेचं दार, एसी, गिऱ्हाइकाला बसायला सोफा. माझ्याकडं एक स्टूल, त्याचा बी एक पाय आखूड. गिऱ्हाईक होऊन फोन केला त्याला. बोलणं गोड, दहा वाक्यांत बारा वेळा सर. मी विचारलं, काम झाल्यावर गाणारा कुठं उभाय ते तपासता का? म्हणला, कोण गाणारा, सर?

बघा! म्हणजे हे त्याला ठाऊकच न्हाई. माझ्याकडं रिवाज आहे — स्पीकर बसवले की मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, गाणं लावायचं आणि विचारायचं, गाणारा कुठं उभाय? बोट दाखव. काम बरोबर असलं तर बोट सरळ बोनेटच्या मधोमध जातं. तसं गेल्याबिगर मी गाडी सोडत न्हाई.

आणि ही रीत मला कुणामुळं सुचली? धम्म्यामुळंच. किनवटच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. हा पडल्या पडल्या शिट्टी ऐकून सांगायचा, इंजिन कुठल्या अंगानं येऊन राहिलं. पैजा लावून पोरांचे गूळ-शेंगदाणे जिंकायचा, अर्धे मला द्यायचा. असला कान! आणि तो कान घेऊन हा त्या सोफ्यावर जाऊन बसला.

जळतं माझं. इथं लिहायला कसली लाज? जळतं.

१० मार्च

आला! डाव्या दरवाज्याचं हॅण्डल अडकलंय म्हणून. स्पीकर लातूरला, हॅण्डल माझ्याकडं. नजरेला नजर न्हाई. स्पीकरचं विचारलं तर म्हणला, बहिणीकडं गेलतो, सहज बसवले. सहज! चावी ठेवून ऑफिसला गेला.

दरवाज्याचं पॅड उघडलं. सत्यमचं काम स्वच्छ. जोड नीट डाग दिलेले, वर नळी चढवलेली, तारा बांधलेल्या. एक तरी खोट सापडू दे म्हणून अर्धा तास बघत बसलो. सापडली न्हाई. मग मीच केली! डाव्या स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि उलट्या जोडल्या, प्लसची मायनसला. त्यानं काही जळत न्हाई. पण एक स्पीकर हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि पुढं उभा असलेला गाणारा गायबच होतो. कुठं आहे ते सांगताच येत न्हाई.

हॅण्डल बी दुरुस्त केलं. पॅड बंद. एवढ्या वर्षांत मुद्दाम वाईट काम पहिल्यांदा केलं.

११ मार्च

तक्रार न्हाई, फोन न्हाई. बिघडलेलं बी गोड लागून राहिलंय त्याला. सत्यमचं ना!

१२ मार्च

आज सोक्षमोक्ष लावला. धम्म्या टपरीपाशी गाडी लावून चहा पीत होता, ऑफिसातले तिघं-चौघं सोबत. मी सगळ्यांसमोर म्हणलं, चल, लातूरचं काम तपासू. नको म्हणला. उशीर झालाय म्हणला. दंडाला धरून सीटवर बसवला. डोळे मिटायला लावले, गाणं लावलं.

'बोट दाखव.'

लई वेळ लावला त्यानं. मग उजव्या दरवाज्याकडं दाखवलं, आपल्याच गुडघ्यापाशी! सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. धोंडप्पाला म्हणलं, बघा लातूरचा एसी!

धम्म्या खाली उतरला. अर्धा चहा तसाच. चावी माझ्या स्टुलावर ठेवली आणि पायी ऑफिसला गेला.

जिंकलो मी. तरी जेवण गोड लागलं न्हाई.

१३ मार्च

तारा सुलट्या केल्या. पाच मिनिटांचं काम, पण दरवाजा तासभर उघडा ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा म्हणून. मग स्वतः सीटवर बसून ऐकलं. गाणारा बोनेटच्या मधोमध. त्या सत्यमनं स्पीकर बी चांगले निवडलेत, खोटं कशाला लिहू?

ऑफिस सुटल्यावर धम्म्या चावी न्यायला आला. होळीमुळं टपरी लवकर बंद झालेली, आम्ही दोघंच. म्हणलं, दुरुस्त करून ठेवलंय, आता बोट दाखव.

'आनंद्या, राहू दे की.'

मी ऐकलं न्हाई. बसला. डोळे मिटले. बोट वर आलं — उजव्या दरवाज्याकडं. परत तिथंच!

मी म्हणणार होतो, अरे नीट ऐक. पण म्हणलं न्हाई. गाणं बंद केलं. डाव्या दरवाज्याशी उभा होतो मी, दोन हातांवर. हळूच हाक मारली, धम्म्या.

त्यानं मान उजवीकडं वळवली.

१४ मार्च

धम्म्याच्या घरी महामायावहिनींना फोन केला. म्हणाल्या, 'भाऊजी, दिवाळीपासून त्यांचा डावा कान गेलाय. लातूरला कानाच्या डॉक्टरकडंच गेलो होतो. मला म्हणले, स्पीकर बी इथंच बसवून घेतो. आनंद्या बोट दाखवायला लावंल.'