सासर वीस मिनिटांवर, माहेर दोन तास वीस मिनिटांवर

ती. गोरक्षनाथ दाजींना,

केडगावहून बिभीषणचा वाकून नमस्कार (कंबरेला पट्टा आहे, तेव्हा वाकणं मनात धरावं). डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. पट्टी सुटली की हे पत्र स्वतः वाचा, ताईला वाचायला लावू नका. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधे बोलता.

तुम्ही दवाखान्यात, म्हणून तुमच्या सुकन्याच्या सोयरिकीची बैठक मामा या नात्याने माझ्या अंगावर आली. सुप्याची मंडळी सज्जन. मुलगा अजिनाथ लिस्बनला नोकरीला, सुकन्या माद्रिदला आपल्या भीमाजवळ. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, आपण फक्त पोहे खायचे होते. पण आमच्या आईची अट तुम्हाला ठाऊक आहे. लेक तिथंच द्यायची, जिथून मुराळी न्याहारी करून गेला तर लेकीला घेऊन जेवायला माघारी येईल. (ताईच्या वेळी तिने आधी सोनईच्या एस.टी.चं वेळापत्रक पाठ केलं, तुमचा पगार नंतर विचारला.) भाऊ माद्रिदला, म्हणजे माहेर माद्रिद. तिथून लिस्बन किती लांब, ते सांग म्हणाली.

मी मोबाईल काढला. पाचशे किलोमीटर निघाले, ते वाचून दाखवले. आई म्हणाली, "किलोमीटर रस्त्याला असत्यात. इमानाचा येळ सांग." तिकीट पाहिलं, तर माद्रिदहून दहाला निघतं, लिस्बनला दहा वीसला उतरतं. वीस मिनिटं. इथून माळीवाड्याला रिक्षा जास्त वेळ घेते. मुलाच्या आईने, पुष्पावतीबाईंनी, पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडली. इथं मी गप्प बसलो असतो तर आज माझी तालुक्यात पत असती. पण काम चोख करायची खोड. परतीचंही पाहिलं. लिस्बनहून दहाला निघतं, माद्रिदला बारा वीसला पोचतं.

"सासरी जायाला ईस मिन्टं आन माहेरी यायला दोन तास ईस?" आई म्हणाली. मी म्हटलं, वारं उलटं असेल.

"वाऱ्याला आमी सांगितलं का?" पुष्पावतीबाई.

"सांगितलं न्हाई, पर फायदा तुमचाच हाय."

मग मी मध्यस्थ म्हणून तोडगा काढला, की सुनेला माहेरी धाडताना दोन तास आधी मोकळं करू, असं वरपक्षाने लिहून द्यावं. पुष्पावतीबाईंनी पुड्याची दोरी पुन्हा बांधली (दोन गाठी मारून) आणि मंडळी पुड्यासकट उठली. असो, पोरगी वाचली असं समजा. ज्या सासरची वाट एकाच बाजूने लांब, तिथं लेक देऊ नये.

ताईस नमस्कार. प्रकृतीस जपा.

आपला,
बिभीषण

ता.क. १. भीमाचा फोन आला. दोन्ही गावांच्या घड्याळांत एका तासाचा फरक असतो म्हणे. जा किंवा या, एक तास वीस मिनिटंच लागतात. वर म्हणाला, "मामा, तुमी शाळेत भूगोलच शिकवता ना?" मी म्हटलं, यंदा मला फक्त पाचवी आहे.

ता.क. २. सुकन्याने माझा नंबर बंद केलाय. तेव्हा सुप्याला तेवढा एक शब्द टाका. लिहून घ्यायचं तुम्हीच मला फोनवरून बजावलं होतं, भुलीच्या इंजेक्शनच्या अंमलाखाली, असं सांगितलंत तर माझी मान वर राहील.

ता.क. ३. आई आत्ताच सुप्याहून आली. सोयरीक जुळली. मामाने नवरीला बोहल्यावर आणताना मनगटावर घड्याळ नको, एवढीच पुष्पावतीबाईंची अट आहे. इंजेक्शनचं आईने तिथं सांगूनही टाकलं आहे, तेव्हा ता.क. २ ही विनंती न समजता माहिती समजावी.