डोक्याकडचा स्क्रू

१४ एप्रिल, सोमवार

आज पुन्हा ठोके! तिन्हीसांजेला, इथेच वर्कशॉपमध्ये. आधी दोन लगोलग, मग जरा थांबून एक. तयार शवपेट्यांच्या चळतीतून कुठून तरी. पॉलिशचं फडकं हातातच राहिलं. आमची ही चहा घेऊन आली की दार असंच वाजवायची. हिला पुरून महिना होत आला.

कान माझे तिखट. लाकडावर बोट मारून आत गाठ कुठे आहे ते सांगतो. या कानांच्या जोरावर लाकडाच्या वखारीतला हमाल शवपेटीवाला झाला. आणि आज एकेका पेटीला कान लावत फिरलो, चोरासारखा! सगळ्या रिकाम्या.

१५ एप्रिल, मंगळवार

ठोके. सूनबाई दाराशी डबा ठेवून म्हणाली, "बाबा, आज तरी घरात येऊन झोपा." मी आतूनच नाही म्हटलं. हिच्यामागे त्या घरात झोप कसली लागणार? खाट इथेच बरी. कडी लावून.

१६ एप्रिल, बुधवार

शेवटी मुलाला विचारलं. "आईच्या पेटीचा डोक्याकडचा स्क्रू सैल ठेवलास ना?"

ही आमच्या दुकानाची रीत — हिनेच घातलेली. झाकण बसवायचं, पण डोक्याकडचा एक स्क्रू अर्धाच पिळायचा. "उठणाऱ्याची सोय नको का बघायला?" म्हणायची. मी हसायचो. हसत हसत करायचोही. हिच्या वेळी हात चालेनात, म्हणून पेचकस मुलाकडे दिला.

"नाही बाबा, सगळे घट्ट केले. आईची पेटी — तिथे कच्चं काम कसं ठेवू?"

म्हणजे हिला बाहेर यायला वाटच नाही. बिचाऱ्याने मायेनेच केलं!

नंतर भिंतीपलीकडे बायकोला म्हणाला, "बाबांचाच एक ढिला झालाय." त्याला वाटतं, मला ऐकू गेलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

ठोके आज जोरात. अडकलेलं माणूस वाजवतं तसे.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

उपासनेला गेलो नाही, म्हणून संध्याकाळी पाळकसाहेबच आले. पेटीवरच बसले — इथे खुर्ची कुठली!

म्हटलं, "कबर उघडायची परवानगी द्या. एकच स्क्रू सैल करतो आणि येतो."

ते म्हणाले, "येशूच्या कबरीवरची धोंड कशासाठी लोटली होती?"

"त्याला बाहेर येता यावं म्हणून."

"छे हो! तो केव्हाच उठून गेला होता. धोंड लोटली ती मागे राहिलेल्यांना आत बघता यावं म्हणून. अडचण त्याची नव्हती, त्यांची होती."

"मग कबरीवर आलेल्या त्या बायका आत बघून खूश झाल्या असतील."

"थरथर कापत पळाल्या! कुणाशी बोलल्यासुद्धा नाहीत."

हे ऐकून जरा बरं वाटलं. दर ईस्टरला 'प्रभू खरोखर उठला आहे!' म्हणताना चर्चमध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझा. आणि इथे लाकूड वाजलं तर कडी लावून बसतो! असो, संगत तरी चांगली मिळाली.

परवानगी दिली नाहीच.

१९ एप्रिल, शनिवार

ठोके नाहीत. सकाळपासून नाहीत. आठवडाभर नको नको म्हणत होतो, आज कान लावून बसलोय! अंधार पडताना चळतीवर हात ठेवून विचारलं, "काय गं?" काही नाही. एवढी शांतता या खोलीत कधी नव्हती. ती ठोक्यांपेक्षा वाईट.

२० एप्रिल, ईस्टर

उजाडतंय. ठोके — दोन, मग एक. या वेळी धावलो नाही, खाटेवर पडूनच ऐकले. बंद पेटीतला ठोका बोदा असतो, हे माझ्याइतकं कोण जाणतं? हा खणखणीत. पेट्यांतून नाहीच! माझ्या दारावर, बाहेरून.

आत आहे तो मी.

कडी काढतो.