माझा सुळका, त्याची विल्हेवाट आणि इतर मालमत्ता

मी, निवृत्त संशोधिका, वय सत्त्याहत्तर, गुडघे सोडल्यास धडधाकट, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. वकीलबाई म्हणाल्या, "आधी हसणं थांबवा, मग लिहा." म्हटलं, तोवर मी जगायची नाही!

१. राहती जागा यजमानांना, त्यांच्या पश्चात माझ्या भाचीला. यजमान काचकाम करणारे. माझ्या उष्मामापीची, म्हणजे उष्णता मोजायच्या यंत्राची, नळी त्यांनीच फुंकली आणि म्हणाले, "तडकली तर या." तडकली नाही. तरी मी गेले.

२. उष्मामापी भाचीला. त्यात दोन द्रव भरायचे. उबेत ते एकजीव असतात. गार होताना एका ठरावीक तापमानाला दुधाळ होऊन वेगळे व्हायला लागतात. नेमकं तिथे त्यांना थोडी थोडी ऊब द्यावी, तर ती गडप होते आणि पारा ढिम्म! आलेखावर उष्माधारकतेचा, म्हणजे द्रव किती ऊब पचवतात त्याचा, सुळकाच उभा राहतो.

३. माझा सगळा राग आमच्या विभागप्रमुखांना. सुळका पाहून ते भर बैठकीत म्हणाले होते, "बाई, तुमचं यंत्र गळतंय." मी सगळं उघडून तपासलं, नवे द्रव भरले, सुळका जागचा हलेना. साहेबांनी माझा शोधनिबंध अडवला तो अडवलाच. यंत्र अडगळीत निघालं, ते मी उचलून घरी न्हाणीघरात मांडलं. पाहुणे बिचकत अंघोळ करत.

आज सकाळी भाचीचा तिच्या प्रयोगशाळेतून फोन. "मावशी, तुझेच द्रव भरले, माझ्या यंत्रावर पण सुळका! तुझ्याच तापमानाला!"

आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकघरात नाचलो. मग मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, गळत नव्हतं."

मग म्हणाले, "चुकलं माझं. बघायला येऊ का?"

या म्हटलं. सबब कलम तीनमधली पहिली ओळ रद्द समजावी. राग शिल्लक नाही, शोधूनही सापडेना.

४. निबंध निघेल तो भाचीच्या आणि माझ्या नावे. मी मेले असले तरी माझं नाव आधी.

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. दोघांना यातलं काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक: नऊ ऑगस्ट.

सही वाकडी आली आहे ती वयामुळे नव्हे. यजमान समोर उभे राहून मला हसवत होते, आणि हे दोन्ही साक्षीदारांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.